परस्पर मान्यतेच्या घोषणापत्राने अडलेली विक्री सुटली : माझा अनुभव

नेदरलँड्समध्ये आम्ही रीतसर विकत असलेली पुस्तकांची लाकडी कपाटे युरोपीय संघातील दुसऱ्या एका देशात पाठवली, तेव्हा तेथील कार्यालयाने स्थानिक प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागितले. अशा फर्निचरसाठी संघाचे सामाईक तांत्रिक नियम नसले, तरी एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ सार्वजनिक कारणाशिवाय रोखू नये, हे ‘परस्पर मान्यते’चे तत्त्व युरोपीय न्यायालयाच्या १९७९ च्या ‘कॅसिस द दिजाँ’ निकालापासून रुजलेले आहे. संघाच्या २०१९ च्या ५१५ क्रमांकाच्या विनियमाने (सर्व सदस्य देशांना लागू असलेल्या नियमाने) त्याला कार्यपद्धती दिली, आणि छोट्या व्यापाऱ्याला खरा आधार तिथेच मिळतो, असे मला मनापासून वाटते. त्याच्या परिशिष्टातील नमुन्यानुसार मी घोषणापत्र भरले आणि कपाटे नेदरलँड्समधील ग्राहकांना विकली जात असल्याचा पुरावा म्हणून पावत्या जोडल्या. तपासणी चालू असताना, तात्पुरत्या स्थगितीचा आदेश नसेल तर, विक्री सुरू ठेवता येते, हेही पत्रात नमूद केले. (माल भारतात बनलेला असला तरी आयातीच्या औपचारिकता पूर्ण होऊन तो संघात मुक्त वितरणात आला आणि एका सदस्य देशात कायदेशीरपणे विकला जाऊ लागला की हाच हक्क लागू होतो.) कार्यालयाने प्रमाणपत्राची मागणी मागे घेतली. नकाराचा लेखी निर्णय आला असता, तर ‘सॉल्व्हिट’ या विनामूल्य तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता आले असते.