घाट चढून येताच गाडी बंद करू नका : टर्बोच्या बाबतीत या चुका टाळा

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढायचा, वर चहाच्या टपरीसमोर गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवायची. टर्बोचं, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, आयुष्य कमी होतं ते इथे.

टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल इंजिनचाच पंप पुरवतो. इंजिन बंद झालं की पुरवठाही थांबतो. डिझेल इंजिनवर पूर्ण लोड असताना टर्बाइनमध्ये (टर्बोच्या धुराकडच्या पंख्यात) शिरणारा धूर ७००-८०० अंश सेल्सिअस असतो, पेट्रोलमध्ये ९०० च्याही वर. तापलेल्या टर्बाइनची ही धग शाफ्टवरून बेअरिंगकडे सरकते आणि तिथे अडकलेलं ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. एकदा असं झालं तर काही जाणवत नाही. पापुद्र्यावर पापुद्रा चढत जातो.

उपाय फुकटचा आहे. शेवटचे २-३ किलोमीटर गाडी २००० आरपीएमच्या आत हलकी चालवा, मग १ ते २ मिनिटं आयडलवर ठेवा. घाटात स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद ठेवा, नाहीतर टोलनाक्याच्या रांगेत गाडी स्वतःच इंजिन बंद करेल. शहरात हळू चालवून घरी आलात तर थांबायची गरज नाही. डिझेल गाडी दहा-दहा मिनिटं उगाच आयडलवर ठेवली तर काजळी वाढते.

बंद करण्याआधी एक रेस मारायची जुनी सवय मात्र सोडाच. शाफ्टचा वेग वाढतो आणि त्याच क्षणी ऑइल तुटतं. सकाळी सुरू केल्यावरही पहिली ३० सेकंद रेस नको.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. असं पातळ झालेलं ऑइल शाफ्टला पेलत नाही, लगेच बदला.

सर्वांत महागात पडते ती चूक गॅरेजमध्ये होते. टर्बो नवा बसवतात, पण टर्बोला ऑइल आणणारा फीड पाइप जुनाच ठेवतात. त्याचा बँजो बोल्ट (ऑइल ज्यातून जातं तो पोकळ बोल्ट) काढून उजेडासमोर धरा. भोकाच्या कडेला काळी, नखाने न निघणारी खपली दिसेल. तीच नव्या टर्बोचं ऑइल अडवते. म्हणून पाइप आणि बोल्ट नवेच घ्या, ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइलच्या फ्लँजला (पाइप जिथे टर्बोला जोडतो त्या चपट्या कडेला) सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून भोकात बसतो. जोडणीआधी फीडच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. मग इंधन तोडून १०-१५ सेकंद क्रँक करा, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं स्टार्टरने फिरवा; सुरू झाल्यावर काही मिनिटं फक्त आयडल.

निळा धूर दिसला म्हणून टर्बो लगेच दोषी ठरवू नका. आधी एअर फिल्टर, ब्रीदर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि ऑइल परतीचा पाइप तुंबलाय का पाहा. परतीची वाट बंद असली की चांगल्या टर्बोतूनही ऑइल गळतं. मग गार इंजिनवर हवेचा पाइप काढून शाफ्ट हलवून बघा. बाजूला किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हलल्याचं बोटांना जाणवलं किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर टर्बो काढावाच लागेल. तोवर गाडी चालवू नका. गळकं ऑइल डिझेल इंजिन इंधनासारखं जाळतं आणि चावी काढली तरी रेस चढत जाते. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडायला जाऊ नका.