मंजुरीचं पत्र आलं, आता पैसे कुठून आणता?

मंजुरीचा ईमेल आला की लगेच पेढे वाटत सुटू नका. पीएचडी करणाऱ्यांना परदेशातल्या संशोधन परिषदेसाठीची बहुतेक सरकारी मदत जाऊन आल्यावर मिळते. तिकीट, व्हिसा, विमा, फी, सगळं आधी स्वतः भरायचं, मग बिलं लावायची, मग वाट बघायची. मोठ्या संस्थेत गाईड तेवढे दिवस प्रोजेक्टातून सांभाळून घेतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या संशोधन केंद्रात कोण सांभाळणार?

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोरडवाहू जमिनीतल्या ओलाव्यावर काम करतो. युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या व्हिएन्नातल्या सभेत माझं पोस्टर होतं. मंजुरीचं पत्र बघून बाबांनी एकच विचारलं, "पैसे त भेटतीन, पण कवा?" पत्रात तारीख नव्हती. भाव वाढंल म्हणून घरात ठेवलेला कापूस मिळेल त्या भावात काढला, उरलेलं आईची गळ्यातली पोत गहाण ठेवून पतसंस्थेतून उचललं. परत येऊन बिलं लावली. पेरणी तोंडावर आली तरी खात्यात काही नाही, बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. पैसे शेवटी आले, पूर्ण आले. पतसंस्थेचं व्याज मात्र कोणतीच योजना देत नाही.

म्हणून अर्ज भरायच्या आधीच घरी बसून हिशेब करा: किती रक्कम, किती महिने अडकून राहिली तर चालेल? खरिपाच्या तोंडावर अडकणार असेल तर दुसरी सोय आधी बघा. प्राचार्यांना आगाऊ रकमेसाठी लेखी अर्ज द्या, मंजुरीपत्राची प्रत जोडा, आवक क्रमांक घ्या. तोंडी "बघू" म्हणजे नाहीच. विद्यापीठाच्या वित्त विभागातही विचारा. कुठे विद्यार्थ्यांसाठी प्रवासनिधी असतो आणि तो कोणी मागत नाही म्हणून पडून राहतो. फेलोशिप वेळेवर येईल या भरवशावर तिकीट तर अजिबात काढू नका.

बिलांचं सांगतो, कारण पैसे इथंच अडतात. सरकारी प्रवासाची तिकिटं बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन अधिकृत एजंटांकडूनच काढायची, असा अर्थ मंत्रालयाचा 2021 च्या अखेरचा आदेश आहे. तो सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, पण अनुदानाच्या अटींतही ही नावं येतात. तुमच्या पत्रात ती असतील तर चुलतभावाने मोबाइलवर काढलेलं स्वस्त तिकीट फुकट जाईल. जाताना-येतानाचे सगळे बोर्डिंग पास जपा, दिल्ली-मुंबईला विमान बदललं तर तिथलाही. खर्चाच्या तक्त्यावर आणि विनियोग प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) कॉलेजच्या सह्या लागतात. त्या घेताना मार्च असेल तर अकाउंट्सवाले तुमच्याकडे बघणारही नाहीत.

फक्त सरकारी योजनांवर विसंबून राहू नका. विज्ञानवाले एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाची योजना शोधत बसतात. 2024 पासून त्या मंडळाची जागा एएनआरएफ या नव्या संस्थेने घेतली आहे, तिथली चालू सूचना वाचा. सामाजिक शास्त्रवाल्यांनी आयसीएसएसआर, म्हणजे त्या विषयांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था, बघावी. पण माझ्या मते पहिला अर्ज आयोजकांकडेच करावा. आर्थिक मदत हवी असेल तर संशोधनाचा गोषवारा बऱ्याचदा सर्वसाधारण मुदतीच्या आधीच द्यावा लागतो, व्हिएन्नाच्या सभेत तसंच आहे. इटलीतल्या त्रिएस्तेचं आयसीटीपी हे संशोधन केंद्र, भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी 1964 मध्ये उभं केलेलं, विकसनशील देशांतल्या भौतिकशास्त्र-गणितवाल्यांना प्रवासखर्चात मदत करतं. अनेक परिषदा जागतिक बँकेच्या यादीनुसार निम्न-मध्यम उत्पन्न देशांना फीत सूट देतात, आणि भारत त्या यादीत आहे. मागायला लाजू नका, ती भीक नाही. माझं इंग्रजीही गावचंच आहे, तरी ईमेलला उत्तर आलं.

दुबई-बँकॉकच्या हॉटेलात भरणाऱ्या, दोन दिवसांत गोषवारा स्वीकारून फी मागणाऱ्या परिषदांना मात्र हात जोडा. "सीव्हीला चालतं" म्हणणारे सर भेटतील. त्यांना म्हणावं, फी तुम्ही भरा. आणि गाईड नावाजलेला नसला तरी चालेल, शिफारसपत्रावर त्याच आठवड्यात सही करणारा हवा.

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी जून 2024 पासून 90 युरो फी आहे, शिवाय किमान 30,000 युरोचा प्रवासविमा लागतो. बँक स्टेटमेंटमध्ये आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर विचारणा होते. उसने पैसे असतील तर ते लवकर खात्यात आणा, कर्जाचा कागद सोबत जोडा. पासपोर्ट नसेल तर पासपोर्ट ऑफिसची वाट आजच धरा, पोलिस पडताळणी तुमच्या परिषदेसाठी थांबत नाही.

आणि फी भरायला बसाल तेव्हा कार्ड चालणार नाही. 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद ठेवलेले असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा, नाही जमलं तर शाखेत जा. दुसरा-चौथा शनिवार सोडून.