बोकडाचं पोट नको, पाठ पाहा

पंचवीस वर्षं अकोल्याकडं मटणाचा धंदा करतो, तरी पोळ्याच्या करीला (दुसऱ्या दिवशी) फसलो. काट्यावर बोकड भरला २४ किलो, मटण निघालं साडेनऊ. विकणाऱ्यानं सकाळीच ढेप (पेंड) अन् मीठ चारून वर पोटभर पाणी पाजलं होतं. चांगला बोकड वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण देतो, म्हणजे ११-१२ किलो हवं होतं. (मुंडी, खुरी, वजरी, कलेजी यात धरत नाही.)

म्हणून आधी पाठीवर हात फिरवा. शेवटच्या बरगडीमागं मणके बोटाला टोचले तर तो बोकड सोडा. मणक्याच्या दोन्ही बाजू मांसानं भरलेल्या लागल्या पाहिजेत. मग मांड्या दाबा. खच्ची केलेला बोकड जास्त भरतो, पण त्यातली चरबी गिऱ्हाईक बाजूला काढायला लावते. आमची बेरारी शेळी असो की उस्मानाबादी, जातीपेक्षा कुटारासोबत (भुशासोबत) खुराक मिळाला का, ते मी आधी विचारतो.

मेंढा घेताना लोकर पाहा. पावसात भिजलेली लोकर तुमच्याच पैशानं तोलली जाते!

कापायच्या आदल्या रात्री चारा बंद, निदान बारा तास. पाणी मात्र समोर ठेवा. जनावर मोटरसायकलवर उलटं टांगून आणू नका, मारू नका. रक्त साकळलेला भाग कापून फेकावा लागतो. सोलल्यावर टांगून निथळू द्या, थोडं वजन तिथंही घटतं. भाव त्यानंतरच्या वजनावर धरा.