समुद्राखालचं तेल कुठे असेल, हे कसं ठरवावं?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर पाण्याखाली, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या 'सागर सम्राट' या खोदकाम करणाऱ्या रिगला १९७४ साली तेल लागलं. तेच मुंबई हाय. त्याचंच उदाहरण घेऊन तेल शोधायची ही पद्धत पाहू.

सुरुवात सिस्मिकने, म्हणजे ध्वनिलहरींनी जमिनीखालचे थर पाहण्याने. जहाजामागच्या एअरगनमधून लहरी सोडतात आणि थरांवर आपटून परतलेल्या लहरी हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) टिपतात. त्यातून थरांचा उभा छेद मिळतो, मात्र त्यावरची खोली मीटरमध्ये नसते, लहरीला लागलेल्या वेळेत असते. चुनखडीतून लहर भरभर जाते, शेलमधून (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकातून) सावकाश. वेगाचा हिशेब चुकला, तर नसलेला उंचवटाही दिसतो.

मग छेदावर भ्रंश, म्हणजे थर तुटून सरकल्याच्या भेगा, आखून एकेका थराचा नकाशा काढा. मुंबई हायला थर वर फुगून झालेला मोठा घुमट आहे आणि त्याची पूर्वेकडची बाजू भ्रंशाने तुटलेली आहे. वर चढणारं तेल घुमटात अडकतं, म्हणून तो सापडला की हात शिवशिवतात, पण थांबा.

आता सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी, म्हणजे समुद्र कधी हटला, कधी चढला हे थरांवरून वाचणं. थर वरच्या बाजूने छाटल्यासारखे कुठे दिसतात? तिथे झीज झाली आहे, बहुधा समुद्र हटल्यामुळे. जुन्या उतारावर नवे थर एकेक पाऊल वर कुठे चढत गेलेत? तिथे समुद्र पुढे सरकला. झिजेच्या अशा दोन पृष्ठांमधला गठ्ठा म्हणजे एक सीक्वेन्स. जवळच्या, आधी खोदलेल्या तेलविहिरीच्या गॅमा रे लॉगशी, म्हणजे खडकांच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या खोलीनुसार नोंदीशी, तो जुळवा (शेलचं वाचन चढं, स्वच्छ चुनखडीचं कमी) आणि सूक्ष्म जीवाश्मांवरून वय ठरवा.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. समुद्र हटून चुनखडी उघडी पडली की पावसाचं पाणी ती विरघळवतं आणि तेल मावेल अशा पोकळ्या तयार होतात. पुढे समुद्र चढून वर शेल साचला, तर तेच झाकण. मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन या भूगर्भीय काळातल्या, 'एल-३' नावाच्या चुनखडीत आहे.

शेवटी वेळ तपासा. इथल्या तेलाचा मूळ स्रोत आजूबाजूच्या खोलगट भागांतला, पन्ना फॉर्मेशन या थरसमूहातला शेल मानला जातो. तेल तिथून निघालं तेव्हा घुमट तयार होता का? त्यासाठी त्या काळचा थर संगणकावर सपाट करून खालच्यांचा आकार बघा. घुमट तेव्हा नसेल, तर ती जागा यादीत खाली ढकला. असेल, तर पहिल्या विहिरीसाठी डोळे झाकून घुमटाचा माथा निवडू नका. चुनखडीत पोकळ्या आणि वर शेल, दोन्ही जिथे मिळतील तो बिंदू निवडा.