फायकस बोन्साय घरी आणायच्या आधीची तयारी

झाड नंतर, आधी खिडकी. बोन्साय घ्यायचं ठरलंय ना, मग नर्सरीत जायच्या आधी घरात ऊन कुठे येतं, किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं ते नीट बघून ठेवा, कारण टीव्हीशेजारचा कोपरा फोटोत कितीही भारी दिसला तरी तिथे झाड महिनोनमहिने नुसतं झुरत राहतं. दुकानात ज्याला फायकस मायक्रोकार्पा म्हणून विकतात ते आपलं नांदरुक, वडा-पिंपळाच्या कुळातलं, रस्त्याकडेला भलंमोठं वाढणारं झाड, ते घरात चालवून घेतं एवढंच. पूर्वेची खिडकी बेस्ट, दक्षिणेचीही चालेल, पश्चिमेची असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी पातळ पडदा लावा, आणि एसीचा झोत थेट अंगावर येईल अशी जागा नकोच. खिडकीत प्रकाशच नसेल तर फुल स्पेक्ट्रम एलईडी (उन्हासारखा प्रकाश देणारा झाडांसाठीचा दिवा) लावून टायमरवर 10-12 तास ठेवता येतो, पण मग तो खर्च झाडाच्या किमतीत आधीच धरा.

जागा ठरली की खरेदी. त्या जाड्या बटाट्यासारख्या बुडाचं जे मिळतं ना, जिनसेंग फायकस, त्याचा तो फुगलेला भाग म्हणजे मुळंच असतात, आणि वरची बारीक पानांची फांदी बऱ्याचदा कलम केलेली असते, त्यामुळे कलमाच्या खालून मोठ्या पानांचे फुटवे आले तर ते काढत राहायचे. घेताना कुंडी उचलून खालून बघा, भोक आहे का आणि ते खरंच मोकळं आहे का. मग वरचे पांढरे खडे बोटाने हलवून बघा, हलत नसतील तर ते गोंदाने चिकटवलेत, म्हणजे पाणी कडेकडेने निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात, असं झाड घेतलंत तर घरी आल्यावर पहिलं काम ते पापुद्र्यासारखं निघणारं खड्यांचं झाकण उचकटून टाकायचं. पानांच्या मागे, फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड, ते झाड तिथेच ठेवून या.

सामान फार लागत नाही, लोक उगाच शेकडो रुपयांचे टूल किट घेतात. एक धारदार छोटी कात्री, स्प्रे बाटली, बारीक झारी, एक लाकडी चॉपस्टिक, निम ऑइल, कुंडीखाली ठेवायला खड्यांचा ट्रे, झालं. फांद्यांना वळण द्यायची अ‍ॅल्युमिनियमची वायर पहिल्या वर्षी घेऊच नका, फायकसची फांदी पटापट जाड होते आणि वायर सालीत रुतली की वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. जपानी अकादामा माती इथे महाग पडते, विटांचे तुकडे 2 ते 5 मिमीचे चाळून, धूळ काढून, त्यात थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडं गांडूळखत घातलं की काम भागतं, बागेतली चिकट काळी माती मात्र नको. हेही लगेच लागणार नाही, कुंडी बदलायची ती झाड रुळल्यावर, फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाच्या सुरुवातीला.

घरी आल्यावर पानं गळणार, जागा बदलली की फायकस हे करतंच, तेव्हा घाबरून पाणी वाढवायचं नाही की जागा परत बदलायची नाही. फांदी नखाने जरा खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे, सोडून द्या त्याला.

आता पाणी, इथेच बहुतेक झाडं जातात. "दिवसाआड एक कप" असलं टाइमटेबल कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. चॉपस्टिक मातीत दोन इंच खोचायची, दहा मिनिटांनी काढून गालाला लावायची, गार ओलसर लागली तर आज सुट्टी, जवळजवळ कोरडी लागली तर खालून पाणी वाहेपर्यंत घालायचं आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं. मे महिन्यात हे रोज होईल, जुलैत चार-चार दिवस गरज पडणार नाही. ट्रेमध्ये पाणी ठेवलंत तर कुंडी खड्यांवर राहू दे, पाण्यात बुडलेली नको, पावसाळ्यात तर ट्रे कोरडाच ठेवा. खत महिनाभर तरी नाही, नंतर नवीन पालवी दिसली की लिक्विड खत पाकिटावर सांगितलंय त्याच्या निम्म्या प्रमाणात.

छाटणीचं साधं आहे, फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून कापा. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो कपड्यावरून जात नाही आणि काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून ग्लोव्हज घाला, ओल्या फडक्याने टिपा, आणि घरात मांजर किंवा पाने चावणारं कुत्रं असेल तर झाड त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा, पोटात गेलं तर त्यांना त्रास होतो.

आणि हो, गणपतीला गावी जाणार असाल तर पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा. शेजारच्या काकूंना सांगायचं असेल तर त्यांना चॉपस्टिकचा प्रकार एकदा करून दाखवा, नाहीतर त्या प्रेमाने रोज तांब्याभर ओततील.