यात्रेसाठी रेल्वेचा आख्खा डबा बुक करताना कुठला घ्यायचा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या मंडळींची तिरुपती यात्रा ठरली की पहिला प्रश्न हाच, स्लीपर घ्यायचा का एसी. माझं म्हणणं आधी गाडी ठरवा, डबा नंतर. कारण तुमचा डबा रेग्युलर गाडीलाच जोडणार ना, मग त्या गाडीचे डबे नव्या बनावटीचे एलएचबी आहेत का जुन्या बनावटीचे आयसीएफ ते बघायला पाहिजे, दोन्हीचं कपलिंग (डबे एकमेकांना जोडायचा सांधा) वेगळं असतं, सहसा एकमेकांना जोडत नाहीत. ओळखायचं सोपं आहे, त्या गाडीच्या स्लीपरमध्ये बर्थ नंबर ७२ ला संपत असतील तर आयसीएफ, ८० पर्यंत गेले तर एलएचबी.

हा ८ चा फरक लहान वाटतो पण १५० माणसं धरा, आयसीएफचे २ डबे म्हणजे १४४, सहा जण बाहेर! एलएचबीत १६० बसतात. एका गाडीला किती डबे जोडायचे याला मर्यादा असते त्यामुळं तिसरा जोडू म्हटलं तर मिळेलच असं नाही, आणि बर्थ रिकामे राहिले तरी पैसे पूर्ण डब्याचेच, म्हणून नावं पक्की झाल्याशिवाय फॉर्म भरू नका.

एसीचं म्हणाल तर एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं ऊन बघता म्हाताऱ्या माणसांना स्लीपरमध्ये घालू नका ओ, वाडी, गुंतकल करत तिरुपतीजवळच्या रेणिगुंट्यापर्यंत जायचंय, आख्खी रात्र जाते. थर्ड एसीत आयसीएफला ६४ आणि एलएचबीला ७२ बर्थ. पण मिडल बर्थ त्यातही असतोच, गुडघेदुखीवाले जास्त असतील तर सेकंड एसी बघा, तिथं मधला बर्थ नाही, माणसं मात्र पन्नासच्या आसपासच मावतात. मला विचाराल तर एक स्लीपर एक थर्ड एसी असं घ्या, तरणी पोरं स्लीपरमध्ये, आजी-आजोबा एसीत खालच्या बर्थवर. नुसतं पुण्यापर्यंत दिवसाउजेडी जायचं असेल तर चेअर कार बास.

बुकिंग आयआरसीटीसीच्या एफटीआर (पूर्ण भाडं भरून आख्खा डबा घ्यायच्या) साइटवर, प्रवासाच्या ६ महिने ते ३० दिवस आधी, डब्यामागं ५०,००० डिपॉझिट, ते ७ दिवसांपर्यंतच्या प्रवासाला. आणि डबा कुठंही जोडता-काढता येत नाही, गाडी निदान १० मिनिटं थांबते अशीच स्टेशनं फॉर्ममध्ये टाका.