किडकी फळे पुरू नका, तंबूत कोंडा

फळमाशी लागलेली फळे गोळा करून खोल पुरावीत, हा सल्ला चुकीचा नाही. पण त्या खड्ड्यात माशीसोबत तिची वैरीणही मरते. फळमाशीच्या अळ्यांच्या अंगात वाढणारी ही परोपजीवी गांधीलमाशी माणसाला त्रास देत नाही. कंबर बारीक, मिशा लांब, अंग माशीपेक्षा सडपातळ. फोपियस अरिसॅनस ही जात माशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. १९१६ साली भारतातून हवाई बेटांवर नेलेली सायटॅलिया फ्लेचेरी काकडीवर्गीय पिकांवरच्या माशीच्या अळीला गाठते. अळी कोषात जाईपर्यंत जगते. कोषातून मात्र गांधीलमाशी निघते.

माशी आत आणि गांधीलमाशी बाहेर, हे साधायला जाळीचा तंबू लागतो. त्याची पद्धत हवाईतच विकसित झाली.

आधी जाळी निवडा, कारण सगळे तिच्यावरच आहे. काही जिवंत फळमाश्या बरणीत घालून तोंडाला जाळी बांधा. एकही माशी निसटली, तर ती जाळी बाद. किडक्या फळांतून निघालेल्या गांधीलमाश्या मात्र तिच्यातून बाहेर पडायला हव्यात.

मग सांगाडा उभा करून बाजूंना आणि तळाला घट्ट विणीचे कापड लावा. वर जाळीची खिडकी, फळे टाकायला चेन. तळ उघडा ठेवला तर अळ्या जमिनीत शिरतील आणि माश्या बाहेरच जन्मतील. आत मातीचा थर द्या, कोष त्यातच होतात. तंबू सावलीत हवा. मुंग्या कोष खातात, म्हणून पायांना ग्रीस लावा.

गळालेली फळे दर दोन-तीन दिवसांनी वेचा. उशीर झाला की अळ्या फळ सोडून जमिनीत जातात. तंबू लवकर रिकामा करू नका: आधी माश्या निघतात, गांधीलमाश्या मागाहून. शेवटचे फळ टाकल्यावर चार-पाच आठवडे थांबा.

एवढ्याने माशी संपणार नाही. मोठ्या, जाड गराच्या फळात अळी खोल असते, गांधीलमाशीची अंडी घालायची नळी तिथवर पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळे (मादीसारख्या वासाने किंवा आवडत्या गंधाने नराला ओढणारे) लावाच. त्यांत नर फळमाश्या अडकतात, गांधीलमाश्या नाहीत. सरसकट फवारणी मात्र टाळा. औषध वापरायचेच असेल, तर प्रथिनयुक्त आमिषात मिसळून मोजक्या ठिकाणी ठिपके द्या.